खाट सात: वाहते

—नाही, आधी बसा तुम्ही. खाट काय पळून जाते का? चाकं आहेत तिला, पण ब्रेक मी सकाळीच लावलेत. बसा त्या स्टुलावर—अहो, त्या नव्हे, त्याचा एक पाय लंगडा आहे, तो आम्ही पेशंटच्या नवऱ्यांसाठी ठेवलाय. हा घ्या, हा. आणि बॅग टेबलावर नको साहेब, टेबल मी उकळत्या पाण्यानं पुसलंय, तुमची बॅग कुठे कुठे टेकून आली असेल देव जाणे—मांडीवर घ्या. हं. वही तर तुमच्या हातातच आहे, सावकाश वाचा. माझ्या पायांकडे काय बघताय? अनवाणी आहे, बरोबर. तळपायांची आग होते या वयात, फरशी गार लागते, बरं वाटतं. नियमात बसत नाही, ठाऊक आहे मला. तेही लिहून घ्या, कागद पुष्कळ आणलाय तुम्ही.

तर तुमचं म्हणणं असं, की सत्तावीस वर्षं या बाईनं ‘जखमेची स्थिती’ या रकान्यात एकच शब्द लिहिलाय. वाहते. वाहते, वाहते, वाहते—पानंच्या पानं. आणि तुमच्या वरच्या ऑफिसात आता जो नवा तक्ता येणार आहे त्यात सहा घरं आहेत, आणि माझं ‘वाहते’ कोणत्या घरात बसवायचं ते तुम्हाला कळत नाही. बरोबर ना? की तक्ता हे आपलं निमित्त आहे? ताकाला जाऊन भांडं लपवू नका साहेब. तक्त्यासाठी कुणी दोन जिने चढून ड्रेसिंगच्या खोलीत येत नाही, तक्ता टपालानं येतो. तुम्ही आलात खाट सातसाठी. तिच्या नवऱ्यानं वर अर्ज दिला—माझी बायको बरी असूनही विनाकारण अडकवून ठेवली आहे—आणि तुम्हाला बघायचंय की बावीस दिवस वाहणारी जखम खरंच वाहते की या बाईची लेखणी वाहते. आणि थांबली असेल तर आजच्या आज तिला त्याच्या हवाली करायचं. खाली बाकावर बसलाय ना तो? बघितलं मी वरून. त्याचे दोघे भाऊही आलेत. तिघं लागतात एका बाईला घरी न्यायला.

नाही, नाही, उठू नका. दाखवते ना खाट. वॉर्ड त्या दाराच्या पलीकडे, वीस पावलं. पण फरशी पुसतायत आत्ता—घसरलात तर तुमचंच ड्रेसिंग मला करावं लागेल. आणि तुम्ही प्रश्न विचारलात तर उत्तर ऐकून घ्या. नोकरीच्या एकतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मोठे डॉक्टर राउंडला येतात, रकाना बघतात, सही करतात, पुढे जातात. ते वही वाचतात, जखमेतल्या नळीखालची बाटली मी वाचते. तुम्ही पहिले, ज्यांनी विचारलं—बाई, वाहते म्हणजे नक्की काय? मग आता अर्धा तास काढा माझ्यासाठी. चहा सांगू का? नको तर नको.

आता वहीत बघा. ही खाट दोन. इथं वाहते म्हणजे रक्त. लाल, ताजं, घाबरायचं ते पहिल्या दिवशीच. ही खाट पाच—इथं पू. पू वाहिलेला बरा साहेब, नवशिके त्यालाच घाबरतात, वरून पट्ट्या आवळतात, आणि मग तो आत सरकतो नि माणूस जातो. जखम वरून मिटली म्हणजे बरी झाली असं नसतं, हे मला पहिल्याच वर्षी जुन्या सिस्टरनी कान धरून शिकवलं. तळापासून भरून येऊ दे म्हणायच्या, तोवर वाहू दे. ही खाट नऊ, ही नुसती लस, पाण्यासारखी, ही वाहायला लागली की मी घरी जाऊन नीट जेवते. मग तो अकरा नंबरचा म्हातारा, त्याचं तर नाक वाहत होतं फक्त. तेही लिहिलंय मी, हसू नका. त्याला घरी सून जेवायला वाढत नव्हती, नाकावर दोन दिवस जास्त मिळाले त्याला, दोन दिवस पोटभर जेवला. मी काय पाप केलं?

बरं, एवढ्यावर संपतं का? या जिन्यावरून स्ट्रेचर वाहतात ते दोघे, लिफ्ट बंद आहे गेलं वर्षभर, तेही वाहणंच. एकाचा खांदा निखळला, तोही माझ्याच टेबलावर आला. दुसऱ्यांची काळजी वाहतो आम्ही—हे तुमच्या पत्रकातलं वाक्य आहे, माझं नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन तेव्हा तुमच्यासारखा कुणी येईल, माइक हातात धरून म्हणेल, बाईंनी आपलं सारं आयुष्य या कामाला वाहून घेतलं. नका म्हणू. मी कुठे वाहून घेतलंय, मी पाय रोवून उभी आहे. तो खाली बसलेला रोज शिव्यांची लाखोली वाहतो मला, तीही आलीच—पण ती जिन्यात. इथे खोलीत आला की हात जोडून. सिस्टर, तुमचे फार उपकार. फळं आणतो. परवा पेटी आणली होती, मी ती तशीच वॉर्डात वाटून टाकली, त्याच्या देखत, आणि पहिलं फळ दिलं कुणाला? सात नंबरला. तिनं नाही खाल्लं. उशाखाली ठेवलं, तिथं सडलं.

काय वाजले? ते भिंतीवरचं बघू नका, ते सात मिनिटं मागे आहे. तुमच्या मनगटावर किती? अकरा वीस. असू दे, असू दे, सहज विचारलं. साडेअकराला स्टरिलायझर बंद करावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं ठीक, सातचं सांगा. सांगते की. सातच्या बरगडीखाली जखम आहे, ती जिन्यावरून पडून झाली. कागदावर तसंच आहे, नवऱ्यानं सांगितलं, डॉक्टरांनी उतरवून घेतलं. मागच्या वर्षी हात मोडला होता तोही जिन्यावरूनच. त्याच्या आधी दात. मी तिचा पत्ता वाचला साहेब. तुम्ही वाचलात? वाचा, पहिल्या पानावर आहे. तळमजला. बैठं घर आहे ते, शेजारच्या खाटेवरच्या बाईची नणंद त्याच आळीत राहते, तिनं सांगितलं. त्या घराला एक पायरीसुद्धा नाही. मग जिना आणला कुठून? रोज उचलून आणतो की काय बाजारातून? हे लिहा ना तुमच्या कागदावर. लिहीत नाही बघा. पेनाचं टोपण उघडझाप करताय नुसतं. मी तक्रार केली होती. तीनदा. तिला विचारायला तुमच्याच ऑफिसातले दोघे आले, तिचा नवराही त्यांच्याबरोबर आत आला, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, आणि त्याच्यासमोर तिला विचारलं—बाई, तुम्ही कशा पडलात? ती म्हणाली, जिन्यावरून. गेले ते सही घेऊन. तुमच्या फायलीत ती सही असेल.

तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणत नाही हो. चेहरा चांगला आहे तुमचा. तुम्हाला खाटा हव्यात, खाली व्हरांड्यात लोक चटयांवर पडलेत, दिसतं मला, मी रोज त्यांना ओलांडून येते. नियम कुणी वाईट केलाय असंही नाही. नळी वाहते तोवर खाट, थांबली की दोन दिवसांत घरी—सरळ नियम आहे. त्या भिंतीवर लावलाय ना, माझ्या आधीपासून. पण त्यात ‘घरी’ असं लिहिलंय साहेब. घरी म्हणजे कुठे, ते कुणी लिहिलंय? माझं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक मांजर, मला घरी पाठवलं तर मी आनंदानं जाईन. तिचं घर खाली बाकावर बसलंय, मांडीवर पिशवी घेऊन. त्या पिशवीत काय आहे माहीत आहे? तिच्या चपला. आली तेव्हा अनवाणी आणली होती, आता चपला घेऊन आलाय न्यायला. याआधी तीनदा त्याचा अर्ज नामंजूर झाला तरी रोज पिशवी घेऊन येतो आणि बसतो. लोक म्हणतात, काय प्रेम आहे बघा.

चपला बघितल्या की माझं डोकं फिरतं. का, ते सोडा. नाही, काही नाही. धूर गेला डोळ्यात, स्टरिलायझरची वाफ असते ना, ती.

बरं, ऐका, तुम्हाला एक जुनी वही दाखवते. उठू नका, मीच काढते, कपाटात आहे, मागच्या बाजूला—बोळ्यांच्या डब्यामागे. ही जमा करायला हवी होती रेकॉर्डमध्ये, सत्तावीस वर्षांपूर्वी. केली नाही मी. तोही माझा गुन्हा, लिहा. हे बघा अक्षर. तेव्हा माझं अक्षर मोत्यासारखं होतं, पट्टी धरून ओळी मारायची मी. नोकरीचं चौथं वर्ष. आणि बघा, प्रत्येक घरात वेगळं लिहिलंय—रक्त, थोडा पू, लस, कमी, बंद. तुमच्या तक्त्यासारखंच अगदी. तेव्हा मी तुमच्याच पंथातली होते, खरं ते लिहायचं, एका थेंबाचीही हेराफेरी नाही. खाट चौदा बघा. अठरा दिवस आहे ती. एकोणिसाव्या दिवशी काय लिहिलंय? थांबली. वाचलंत? थांबली. खाली माझी सही. बाटली खरंच कोरडी होती हो त्या दिवशी, मी उजेडात धरून बघितली. खोटं काहीच नाही त्यात.

खाट चौदा माझी ताई होती.

सांगणार नव्हते. तुम्हाला कशाला सांगायचं, तुम्ही कोण माझे. पण निघालंय तोंडातून तर आता ऐका. सहा वर्षांनी मोठी माझ्याहून. शाळेच्या वाटेवर चिखल असायचा, मला पाठीवर वाहून न्यायची ती, स्वतःचे पाय गुडघ्यापर्यंत भरवून घ्यायची आणि माझे बूट कोरडे. तिलाही असाच जिना मिळाला. दाजी माझे अगदी सभ्य माणूस, याच्यासारखेच, वॉर्डात आले की सगळ्यांची विचारपूस. त्या सकाळी मी वही उघडली तर ताई म्हणाली, अजून दोन दिवस वाहते लिही ना गं. दोनच दिवस. मामाचं पत्र यायचंय, मामा न्यायला येतो म्हणालाय. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले—ताई, वहीत खोटं कसं लिहू? रागावलेच मी तिच्यावर. म्हटलं, माझी नोकरी आहे, तुला काय जातंय म्हणायला. लिहिलं. बघा, शाईसुद्धा पसरलेली नाही, हात कापला नव्हता माझा. दुपारी दाजी चपला घेऊन आले, त्यांनी स्वतः वाकून तिच्या पायात घातल्या, अख्खा वॉर्ड बघत होता. मीही बघत होते. मला तर बरंच वाटलं होतं, चला, सगळं नीट झालं. अकराव्या दिवशी तिला परत आणलं, स्ट्रेचरवर. वहीत शोधू नका, त्या दिवसाच्या पानावर तिचं नाव नाही. तिला ड्रेसिंगची गरज नव्हती. मामाचं पत्र मात्र आलं होतं. दोन दिवसांनी आलं होतं, तिनं सांगितल्याप्रमाणे.

लोक काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, वाहवत गेली होती बाई, नवरा काय करणार. मेल्यावरही तिला सोडलं नाही. फुलं वाहायला तेच लोक पुढे. मी त्या दिवसापासून दुसरा शब्द लिहिलेला नाही. रक्त असो, पू असो, काही नसो—वाहते. कधी तो एका दिवसाचा असतो, कधी दहा. बहुतेकांना काही फरक पडत नाही, त्यांची नळी खरंच वाहत असते, खरंच थांबते, मी पेशंटला विचारते—काय, घरी जायचं? ती म्हणते हो, की मी रकाना मोकळा सोडते आणि डॉक्टर समजतात. पण जिला विचारल्यावर ती खाली बघते, तिची वाहते. तिचं अजून काही ठरलेलं नाही, असा त्याचा अर्थ. पाणी वाहतंय तोवर ते कुठेही वळू शकतं, तसं माणसाचंही असतं. हा माझा अर्थ आहे, तुमच्या सहा घरांत नसेल. सातवं घर काढा.

मग विचारा ना आता सरळ. सात नंबरची वाहते की नाही? नाही वाहत. दहाव्या दिवशी थांबली, त्याच दिवशी मी नळी काढली, कारण कोरडी नळी आत ठेवणं म्हणजे पेशंटशी खेळ, ते मी करत नाही, शिव्या द्या पण ते म्हणू नका. वरून तीन बोटांचा तुकडा चिकटवला, पट्टीखालून बाहेर दिसेल असा. बाटलीत सलाइन, त्यात लाल औषधाचे दोन थेंब, रोज सकाळी माझ्या हातानं, डॉक्टर यायच्या आधी. जखम झकास भरली आहे, एकतीस वर्षांत असं सुरेख भरलेलं पाहिलं नव्हतं. बारा दिवस खोटं लिहिलंय मी. बाराही सह्या माझ्या. आयाबाईंना, डॉक्टरांना, कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही दुसऱ्या कुणाचं नाव घातलंत तर मी लोकांसमोर तुम्हाला खोटं पाडीन. आहे का जागा कागदावर? घ्या, मागच्या बाजूला लिहा.

बारा दिवस कशाला? तिला जिथे जायचं होतं तिथलं दार आज उघडणार होतं म्हणून. कुठलं दार, कुणाचं, मला माहीत नाही. ती सांगत होती, मीच म्हटलं सांगू नकोस, माझ्या पोटात काही राहत नाही, उद्या कुणी विचारलं तर—बघितलंत ना आत्ता, तुम्ही तोंडसुद्धा उघडलं नाहीत आणि मी सत्तावीस वर्षांचं सगळं ओकून टाकलं.

थांबा.

ऐकलंत? हॉर्न. मागच्या फाटकाकडून. दोनदा वाजला ना? तुम्हीही दोनदाच ऐकलात? हं.

हं. झालं मग.

या, उठा आता, खाट बघायची होती ना तुम्हाला. फरशी वाळली असेल. या दारातून, डावीकडे तिसरी—ती बघा. चादर तिनं स्वतः घडी करून ठेवली आहे, कोपरे बघा कसे जुळवलेत. चाकांना ब्रेक आहेत, मी म्हटलं होतं, खाट कुठे जात नाही. असं माझ्याकडे बघू नका. सज्ञान बाई आहे, स्वतःच्या पायांनी मागचा जिना उतरून गेली, आणि खरा जिना होता तो, बत्तीस पायऱ्यांचा, एकदाही पडली नाही. तुम्ही वर येऊन बॅग ठेवायला टेबल शोधत होतात तेव्हाच निघाली. मागच्या फाटकातून दिवसाला सात गाड्या जातात, धुण्याची, कचऱ्याची, औषधांची, कोणत्या गाडीत बसली ते शोधत बसा. आणि तिला पकडून आणायचं असेल तर आधी तो अर्ज नीट वाचा. त्यावर तिची सही आहे का? नवऱ्याची आहे, दोन भावांची आहे. ज्या बाईला घरी न्यायचंय तिची कुठे दिसते का?

माझं काय करायचं ते करा. नोकरीवरून काढा, चौकशी लावा, मी येईन आणि हेच सगळं पुन्हा सांगेन, तारखेसकट. पश्चात्ताप विचारलात तर आहे मला. एकाच शब्दाचा आहे, आणि तो खरा होता.

द्या ती वही इकडे. आणि तुमचं ते पेन. आजची तारीख. खाट सात. स्थिती—बघा, शाई पसरली आज, अक्षर गेलं. थांबली. सत्तावीस वर्षांनी लिहिलं. खाली वेळ घालते, अकरा एकेचाळीस, तुमच्या घड्याळानं. आता इथं सही करा तुम्ही, खाट रिकामी पाहिली म्हणून. करा, तेवढं तर खरं आहे. व्हरांड्यातल्या त्या ताप आलेल्या बाईला वर घ्यायला सांगते मी, तुमची खाट मिळाली तुम्हाला.

आणि साहेब, उतरताना कठडा धरा. खाली तो बाकावर बसलाय, त्याला तेवढं सांगा, की पिशवी घेऊन घरी जा. तिला त्या चपला नको आहेत, तिच्या पायात माझ्या आहेत. जा आता, मला खाट पाचची पट्टी बदलायची आहे.